मॅपवरचा सगळ्यात रुंद रस्ता

मंडळी, आज थोडक्यात वाचलो. साताऱ्यात दोनच दिवस आहे, म्हणून माउंटन बाइकसाठी मॅपवर बघूनच कोरेगावकडच्या डोंगरावरचा सगळ्यात रुंद उतरता रस्ता निवडला.

सकाळी सुसाट सुटलो. वळणावर मेंढरं घेऊन उभ्या असलेल्या एक आजी काठी आडवी धरून ओरडल्या, "थांब रं! फुडं रस्ताच न्हाई!"

करकचून ब्रेक दाबले. दहा पावलांवर रस्ता संपला होता. खाली नुसती दरी.

"भात्तर सालच्या दुष्काळात सरकारी कामावर ह्यो रस्ता आमीच खडी फोडून केला," आजी म्हणाल्या. "मग पाऊस आला. समदी पेरणीला गेली, परत कोण आलंच न्हाई."

उद्यासाठी मॅप उघडलाय. असेच आणखी दोन रुंद रस्ते दिसतायत. तिथं ओरडायला कोण असेल?