ओढ्यातलं काळं पाणी

उसाच्या मळीचा आंबूस वास आला की मला कॉलेजातली एक सुट्टी आठवते. बिदरहून गावी आलो तर ओढ्यात कारखान्याचं काळं पाणी, वर मेलेले मासे, आणि म्हशी काठावरूनच परतत होत्या. तक्रारी करून दमलो, तेव्हा आम्ही काही मुलामुलींनी मातीची पोती रचून कारखान्याची मोरीच बुजवली. पोलीस येतील असं वाटलं होतं. आले ते आमच्या म्होरक्याचे वडील, कारखान्यात नुकतेच हमालीला लागलेले. “कामून अडवायलाव रे? पाणी तुंबलं म्हणून आमाला घरी जा म्हणायलेत!” म्होरक्या म्हणाला, “अप्पा, ही घाण आपल्याच हिरीत उतरायली.” “मला दिसंना व्हय? पर ओढा नितळ होता तवा बी मी कामासाठी गाव सोडूनच जात होतो न्हव?” एवढं बोलून ते धोतर खोचून त्या पाण्यात उतरले आणि पोती ओढू लागले. एक पोतं त्यांना हलेना, तेव्हा म्होरक्या खाली उतरला आणि त्याने दुसऱ्या बाजूने हात लावला. काळं पाणी पुन्हा वाहू लागलं. पुढच्या हंगामात तोही तिथेच कामाला लागला. आज इतक्या वर्षांनीही त्याला दोष द्यायला माझं मन धजत नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.