मुळ्ये सरांचं मेज

रोज सकाळी चहा झाला की मुळ्ये सर विणकामाच्या एका पुस्तकावर तळहात ठेवत. उघडत नसत. क्षणभर हात ठेवत आणि मग कामाला लागत. निवृत्तीला टेकलेला, कॉम्प्युटर शिकवणारा माणूस. सुई कशी धरतात हेही ठाऊक नसणार. त्याचं या पुस्तकाशी काय काम? मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही, पण हे विचारायचा मला बरेच दिवस धीर झाला नाही.

नवऱ्याची बँकेतली बदली बनारसला झाली म्हणून मी साताऱ्याहून तिथं गेले. नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. दिवसभर भिंतींकडे बघून कंटाळले आणि कॉम्प्युटरच्या डिप्लोम्याला नाव घातलं. पहिल्याच तासाला माझी हिंदी ऐकून अख्खा वर्ग हसला. सरांनी फळ्याकडे तोंड करूनच विचारलं, "साताऱ्याकडच्या का?" मला रडूच कोसळलं.

सरांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या काशीतलं. पत्नी वाईची होती; ती गेली, मूलबाळ नव्हतं, आणि त्या घरातलं मराठी बोलणं थांबलं. माझ्याशी बोलतानाही पहिले काही दिवस ते शब्दासाठी अडायचे, मग हिंदी शब्द घालून वाक्य पुरं करायचे.

पेजिंग, म्हणजे प्रोग्रामची पानं पाडून लागतील तेवढीच मेमरीत आणणं, काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना. एवढ्याशा मेमरीत एवढा मोठा प्रोग्राम मावतो कसा? शेवटी सर म्हणाले, "सकाळी घरी या. दाखवतो."

पंचगंगा घाटाच्या वर, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागेल अशा गल्लीत त्यांचं घर. खोलीत एक छोटं मेज, त्यावर खडूनं आखलेल्या चौकटी, प्रत्येक चौकटीत एकच पुस्तक. बाकी सगळी पुस्तकं माळ्यावर. मेज म्हणजे मेमरी, माळा म्हणजे डिस्क, एकेक पुस्तक म्हणजे प्रोग्रामचं एकेक पान. आणि हा खेळ माझ्यासाठी मांडलेला नव्हता बरं का, हा माणूस राहायचाच असा!

मला त्यांनी ऑपरेटिंग सिस्टिम केलं. ते प्रोग्राम. मग रोज सकाळी ते पुस्तक मागणार, मी मेजावर बघणार. एकदा मी म्हटलं, "नाहीये सर."

"नाही म्हणू नका. वर आहे म्हणा. थोडं सब्र करायचं, येतं."

मी स्टुलावर चढून पुस्तक काढेपर्यंत सर मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसून राहिले. पान हाताशी नसलं तर प्रोग्राम मरत नाही, नुसता थांबतो. पान आलं की जिथं थांबला तिथूनच पुढं चालू लागतो आणि मधे किती वेळ गेला ते त्याला कळतही नाही, असं त्यांनी मला तसंच बसून समजावलं. चौकट रिकामी नसेल तर एक पुस्तक वर जाणार. कुठलं? ज्याला सगळ्यांत जास्त काळ हात लागलेला नाही, ते. हा नियम मला फार आवडला, कारण तो मला पहिल्या फटक्यात समजला.

म्हणून एका सकाळी मेज भरलेलं असताना मी मोठ्या रुबाबात ते विणकामाचं पुस्तक उचललं. इतक्या दिवसांत कोणी ते उघडलेलं मी पाहिलं नव्हतं.

"ते नको," सर म्हणाले. "सकाळी हात लावलाय."

"पण उघडलंत कुठे?"

"मशीन तेवढंच बघते. हात लागला की नाही." मग म्हणाले, "हिचं आहे ते. मी हात लावला नाही तर नियमानं ते वर जाईल. एकदा वर गेलं की रोजच्या कामात मला त्याची जरूर पडणार नाही. आणि जरूर पडली नाही की कोणी खाली आणत नाही."

मी पुस्तक होतं तिथं ठेवलं. सर पत्नीला नेहमी 'ही'च म्हणत. ही असती तर, हिला थंडी फार, हिच्या हातचं लोणचं. नाव मी कधी ऐकलं नाही, आणि विचारणार तरी कसं? ते एकटेपण माझ्या अंगावर आलं. घरी जाऊन मी नवऱ्याशी उगाचच भांडले.

पुढे आमची बदली झाली. काही वर्षांनी कामासाठी बनारसला गेले तेव्हा सरांकडे गेले. सर आता विसरतात, माणसं ओळखत नाहीत, असं शेजारणीनं दारातच सांगितलं. मेजावरच्या खडूच्या रेघा पुसट झाल्या होत्या. चौकटी रिकाम्या होत्या, एक सोडून. तिथं विणकामाचं पुस्तक होतं आणि त्यावर सरांचा हात होता.

"बैठिए," ते परक्या माणसाला म्हणावं तसं म्हणाले. मग पुस्तकाकडे बघून विचारलं, "ये किसकी है?"

"सर, कोणाचं ते आठवत नाही?" मी मराठीत विचारलं.

त्यांनी मान वर केली. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ओठ नुसतेच हलले, मग शब्द आले. "नाही म्हणू नका... वर आहे. थांबा."

त्यांनी शिकवलं होतं तशी मी मांडीवर हात ठेवून बसले. शेजारणीनं चहा आणून ठेवला, तो निवला. खालून घाटावरचे आवाज येत होते. सर माळ्याकडे बघत होते.

"शालिनी," ते म्हणाले. "शालिनीचं आहे."