तिचा एक किलवर

जव्हारला आम्ही दर रविवारी दुपारी गुरुजींच्या पडवीत ब्रिज खेळायचो. गुरुजी म्हणजे आमच्या शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा भिडू पोस्टातून निवृत्त झालेला एक शांत माणूस होता, आणि त्यांच्या विरुद्ध आम्ही नवराबायको. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हे वनखात्यात कारकून. ह्यांना ब्रिज कॉलेजच्या हॉस्टेलवर लागला आणि लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ह्यांनी तो मला शिकवला. माझ्या दाभोश्याच्या माहेरी पत्ते म्हणजे बाप्यांनी देवळामागे खेळायची गोष्ट. मी नवऱ्यासमोर बसून पत्ते पिसते हे आईला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

ब्रिजमध्ये समोरासमोर बसतात ते दोघं भिडू. खेळ सुरू होण्याआधी बोली होते. आपले पत्ते भिडूला दाखवता येत नाहीत, म्हणून ते बोलीतून सांगायचे. आमची बोली साधी होती. इस्पिकचे पत्ते जास्त असले की 'एक इस्पिक', बदाम असले की 'एक बदाम'. जे हातात ते तोंडात. मराठी मी शाळेत गेल्यावर शिकले, घरी आमची बोली वेगळी, त्यामुळे शब्दाचा एक अर्थ घट्ट धरून चालायची मला सवयच होती. आणि खरं सांगायचं तर घरात आमचं बोलणं किराणा, गॅस आणि मुलीची फी यांच्यापलीकडे फारसं जात नसे. मुलगी नाशिकला शिकायला गेल्यावर तर तेही आटलं. रविवारी मात्र हे माझं प्रत्येक वाक्य कान देऊन ऐकायचे. मी 'दोन चौकट' म्हटलं की विचारात पडायचे. मला तेवढं पुरायचं.

मग पोस्टवाले काका लेकीकडे राहायला गेले आणि गुरुजींसमोरची जागा रिकामी झाली. महिनाभर पत्ते कपाटात पडून होते. त्याच सुमारास ह्यांच्या कार्यालयातल्या एका वनरक्षकाला खोडाळ्याच्या बाजूला सापाने दंश केला. हे त्याला जीपमधून मोखाड्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. माणूस वाचला. संध्याकाळी घरी आल्यावर ह्यांनी त्याची तब्येत दोन शब्दांत सांगितली आणि नंतर जेवण होईपर्यंत तिथल्या नव्या डॉक्टरबाईंबद्दलच बोलत राहिले. त्या ब्रिज खेळायच्या. मोबाइलवर डाव मांडलेला ह्यांनी पाहिला होता.

पुढच्या रविवारी डॉक्टर आपल्या स्कूटरवरून मोखाड्याहून आल्या. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, केस कापलेले, पुण्याकडचं स्वच्छ बोलणं. वडिलांबरोबर क्लबात खेळत मोठ्या झालेल्या. गुरुजींसमोर बसताना त्यांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही दोघं कोणती सिस्टीम खेळता?"

मी म्हटलं, "जे असेल ते सांगतो."

त्या हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण ते मला लागलं.

त्या स्वतः जी सिस्टीम खेळायच्या तिच्यात 'एक किलवर' म्हणजे किलवर नव्हेच. एक्का, राजा, राणी, गुलाम यांचे गुण मोजायचे, आणि ते सोळा किंवा त्याहून जास्त भरले, हात जोरदार आहे असं दिसलं, की 'एक किलवर' म्हणायचं. किलवर एकही नसलं तरी चालतं. समोरच्याने 'एक चौकट' म्हटलं तर तेही चौकट नव्हे. माझ्याकडे फारसं काही नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुसरं काही म्हटलं की समजायचं, माझ्याकडेही आठ किंवा जास्त गुण आहेत, आता वर चढायला हरकत नाही. त्या सांगत होत्या आणि हे पुढे वाकून ऐकत होते. चहा निवला.

गुरुजींनी शिकायला नकार दिला. म्हणाले, या वयात मला किलवर म्हणजे किलवरच राहू दे. तेव्हा हे म्हणाले, एक रविवार मी बसून बघतो डॉक्टरांसमोर, गंमत म्हणून. मी उठून गुरुजींच्या समोर गेले. तो एक रविवार मग संपलाच नाही.

माझ्या नवऱ्याला बाजारातून कोथिंबीर आणायची लक्षात राहत नाही. त्याने ती सगळी सिस्टीम पंधरवड्यात पाठ केली. दाढी करताना पुटपुटायचे. मोबाइल वाजला की मी ओट्यापाशी उभ्या उभ्या ओळखायची, डॉक्टरांनी सरावाचा डाव पाठवला असणार. खोडाळ्याला कामाला गेले की परतताना मोखाड्याला थांबा ठरलेला. लोकांना वाटलं असतं ते माझ्या मनात आलं नाही असं नाही, पण ते तसं नव्हतं, हे मला कळत होतं. तसं असतं तर मला भांडता आलं असतं. शेजारणीला सांगता आलं असतं, माहेरी जाऊन बसता आलं असतं. पण आपला नवरा दुसऱ्या बाईला 'एक चौकट' म्हणतो आणि त्याचा अर्थ माझ्याकडे काही नाही असा होतो, हे गाऱ्हाणं मी नेणार कुठे?

माझं दुखणं ह्यांच्या चेहऱ्यात होतं. माझ्या बोलीवर विचारात पडणारा तो चेहरा आता तिच्या बोलीवर विचारात पडायचा, आणि मी तो बाजूने बघायची.

ब्रिजमध्ये चोरटी खूण चालत नाही. बोलीचा आडवा अर्थ असेल तर भिडूने प्रतिस्पर्ध्यांना सावध करायचं, आणि त्यांनी विचारलं तर तो सांगायचा. सांगायचं ज्याने बोली केली त्याने नाही, त्याच्या भिडूने. म्हणजे डॉक्टरांच्या बोलीचा अर्थ मला माझ्या नवऱ्याने सांगायचा. मी दर खेपेला विचारू लागले.

"ह्याचा अर्थ काय?"

"तिच्याकडे सोळा किंवा जास्त आहेत."

"आणि ह्याचा?"

"तिच्याकडे पाच इस्पिक आहेत."

एरवी घरात, सगळ्यांसमोर त्या 'डॉक्टर' असायच्या. पत्ते हातात आले की 'तिच्याकडे' व्हायच्या. अर्थ मला माहीत असायचा तरी मी विचारायची आणि ते 'तिच्याकडे' ऐकून घ्यायची. दुखऱ्या दाताला जीभ लावत राहावी तसं. एकदा गुरुजी पत्ते लावता लावता म्हणाले, "बाई, आज तुम्ही खेळत नाही, चौकशी चालवली आहे."

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शिकायला लागले. मधल्या सुट्टीत मुलं खिचडी खायला बसली की मी मोबाइल काढायची. मला ह्यांच्यासमोर परत जाऊन बसायचं नव्हतं. मला त्या दोघांची भाषा मोडायची होती. आणि ती मला भराभर येत गेली, याचं मलाच आश्चर्य वाटलं. खरं तर वाटायला नको होतं. सहाव्या वर्षी शाळेच्या बाकावर बसून मी एक परकी भाषा शिकलेच होते. तेव्हा तर शिकवणाऱ्या बाईंना माझी येत नव्हती.

शिकता शिकता मला त्या सिस्टीमची कच्ची जागा सापडली. 'एक किलवर' म्हणणाऱ्याने आपण जोरदार आहोत एवढंच सांगितलेलं असतं, काय आहे ते सांगायचं राहिलेलं असतं. पुढच्या दोनचार बोलींत दोघं हळूहळू एकमेकांना सांगणार असतात. त्यांना तेवढी सवड द्यायचीच नाही. आपल्या हातात काही नसलं तरी मध्ये घुसायचं आणि एकदम वरची बोली करून जागाच खाऊन टाकायची.

मी वाट बघत राहिले. एका रविवारी डॉक्टरांनी 'एक किलवर' म्हटलं. त्यांच्यानंतर माझी पाळी. माझ्या हातात सात बदाम होते आणि चित्रातला म्हणावा तर एक गुलाम. मी म्हटलं, "तीन बदाम."

ह्यांनी मान वर केली. पाठ केलेली सगळी उत्तरं 'एक'च्या पायरीवरची होती, तीनच्या पायरीवर काय बोलायचं ते त्यांना आठवेना. बराच वेळ पत्त्यांकडे बघून त्यांनी पास दिला, हातात चांगले पत्ते असताना. गुरुजींनी पास दिला. डॉक्टरांनी चाचपडत इस्पिक बोलून पाहिलं, आणि शेवटी दोघं चार इस्पिकवर थांबली. चारच्या बोलीला तेरापैकी दहा हात जिंकावे लागतात. खेळून झाल्यावर त्यांचे हात बारा झाले. बाराचीच बोली केली असती तर केवढे तरी जास्त गुण मिळाले असते. ते सगळे हुकले.

इतका आनंद मला फार वर्षांत झाला नव्हता. ह्यांनी पत्ते खाली टाकले. "तू मुद्दाम केलंस."

"हो," मी म्हटलं.

डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा खुलला होता. त्यांनी पत्ते बाजूला सारले. म्हणाल्या, "सर, ताईंनी बरोबर केलं. याला हाच उपाय आहे. ताई, कुठे शिकलात?"

मला रागावलेली डॉक्टर हवी होती. कौतुक करणाऱ्या डॉक्टरचं काय करायचं ते मला कळेना. मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. ह्यांच्या नंबरावर नाही, माझ्या. नाशिकला एका क्लबात जोड्यांची स्पर्धा होती आणि माझ्याबरोबर खेळाल का, असं त्या विचारत होत्या. मी म्हटलं, ह्यांना वाईट वाटेल. त्या म्हणाल्या, "वाटेल. पण सरांना सिस्टीम पाठ आहे. कुणी मध्ये आलं की ते अडतात. तुम्ही अडणार नाही."

मी लगेच हो म्हटलं. खेळायची हौस नंतरची. तिने ह्यांना सोडून मला निवडलं, हे ह्यांना जाऊन सांगायची मला घाई झाली होती.

स्पर्धेच्या सकाळी हेच मला एसटी स्टँडवर सोडायला आले, पाण्याची बाटली दिली, आणि बस हलली तरी तिथेच उभे राहिले. मोखाड्याला डॉक्टर चढल्या. त्र्यंबक येईपर्यंत आम्ही एकमेकींची परीक्षा घेत होतो.

क्लबात तोंडाने बोली करत नाहीत. पेटीतली छापील कार्डं टेबलावर ठेवायची असतात. दुसऱ्याच डावात माझ्याकडे अठरा गुण आले आणि मी एक किलवरचं कार्ड पुढे ठेवलं. डॉक्टरांनी प्रतिस्पर्ध्यांना सावध केलं. डाव्या बाजूच्या गृहस्थांनी त्यांना विचारलं, "म्हणजे काय?"

"त्यांच्याकडे सोळा किंवा जास्त आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "कुठल्या रंगाचे, ते अजून सांगितलेलं नाही."

माझ्याबद्दल कुणीतरी इतक्या खात्रीने बोलत होतं. मला एकाएकी समजलं की माझा नवरा दर रविवारी कशासाठी त्या पडवीत जाऊन बसत होता. मला त्याचा राग आला नाही. हेवा मात्र वाटला, की हे त्याला माझ्या आधी मिळालं.

निकालाच्या यादीत आमचा नंबर खालून शोधला तर लवकर सापडत होता. डॉक्टरांना त्याचं काही नव्हतं. परतताना बसमध्ये त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या.

घरी ह्यांनी नागलीची भाकरी आणि सुकट करून ठेवलं होतं. मी जेवत असताना त्यांनी एकेक डाव विचारला. तिने काय म्हटलं, मग तू काय म्हटलंस, मग ती काय म्हणाली. मी थोडं सांगितलं, थोडं ठेवलं. शेवटी ते म्हणाले, "मी तुला शिकवलं, ते तिला सांगितलंस का?"

"नाही," मी म्हटलं. ते ताट उचलून घेऊन गेले. त्या दिवशी मला ह्यांचं वाईट वाटलं, पण तेवढंच बरंही वाटलं.

पुढच्या वर्षी डॉक्टर वरच्या शिक्षणासाठी पुण्याला गेल्या. त्यांच्या जागी पडवीत बँकेतला एक तरुण अधिकारी येतो. तो गुरुजींसमोर बसतो, आणि मी पुन्हा ह्यांच्यासमोर. आम्ही दोघं आता डॉक्टरांचीच सिस्टीम खेळतो. कुणी मध्ये घुसलं तर काय बोलायचं ते मी ह्यांना शिकवलं. अजून चुकतात, पण गप्प बसत नाहीत.

मध्ये डॉक्टरांचा निरोप आला, आम्हा दोघांना मिळून एकच. अभ्यास फार आहे, पण रविवारी खेळते, तिथल्याच एका डॉक्टरांच्या रूपात कायमचा भिडू मिळाला, फार छान खेळतात. ह्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि मोबाइल खाली ठेवला.

"कायमचा म्हणजे?" हे म्हणाले.

मी विचारलं, "त्याला सिस्टीम येत असेल का आधीपासून?"

"छे. तिनेच शिकवली असणार."

मग त्या कधी न पाहिलेल्या माणसाबद्दल आम्ही दोघं कितीतरी वेळ वाईटसाईट बोलत बसलो.