एकाच पिशवीतले जांभळे स्कार्फ

फजिती विसरायला गेलं की जास्तच आठवते. सेनगावात घरी विणकामाचा क्लास काढल्यापासून माझ्याकडे तर साठाच झालाय!

आधी कबुली. मला स्वतःला विणकाम येत नव्हतं. आज मोबाइलवर बघायचं, उद्या बायांना शिकवायचं. दोन टाके सुलट, दोन उलट; स्कार्फ दोन्हीकडून सारखा दिसतो. सोपं! बाया 'मॅडम' म्हणायच्या आणि मला ते फार आवडायचं.

*

पुसेगावच्या कांताबाईंना म्हटलं, "विणत राहा." शेवटी टाके बंद कसे करायचे, तो व्हिडिओ मी पाहिलाच नव्हता! रोज आपलं "अजून थोडं" चालू. एक दिवस त्या स्कार्फ खांद्यावर टाकून आल्या, तर दुसरं टोक उंबऱ्याबाहेर!

"मॅडम, म्हशीचं माप घेतलं का वो?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण कान गरम झाले होते.

*

लोकर स्वस्तातली हवी म्हणून दुकानात पडून राहिलेला जांभळा रंग मीच सगळ्यांसाठी उचलला. कांताबाई तो स्कार्फ गुंडाळून भर उन्हात जीपनं वसमतला गेल्या. घामानं रंग सुटला आणि गळाभर जांभळे वळ उठले. घरी नवरा ओरडला, "काहून, कोनी गळा दाबला का काय!"

दोन दिवस मी त्यांना तोंड दाखवलं नाही.

*

हे मात्र मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पुढे सगळ्यांचे स्कार्फ, माझाही, माझ्याकडे एकाच पिशवीत असायचे. एकदा तांड्यावरच्या शेवंताबाईंना त्यांचा म्हणून एक काढून दिला. नुसती भोकं! त्या माझ्या आईच्या वयाच्या, तरी सगळ्यांसमोर त्यांना फैलावर घेतलं. "मावशी, तुम्हाला नाही जमायचं. सोडून द्या!"

शेवंताबाई उठल्या. स्कार्फ घेऊन गेल्या, त्या चार दिवस आल्याच नाहीत.

पाचव्या दिवशी मी माझा स्कार्फ शोधायला लागले. बाकीच्यांनी आपापले उचलले होते. पिशवीत एकच उरला होता, सुरेख विणलेला, एकही टाका न चुकलेला. तो माझा नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तशीच तांड्यावर गेले. शेवंताबाई दारात बसून माझा स्कार्फ उसवून पुन्हा विणत होत्या.

"मावशी, तो माझा आहे हे माहीत होतं तुम्हाला?"

"व्हय."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"समद्या बाया बसल्या व्हत्या. त्याइच्यासमोर कसं सांगू?" त्यांनी सरकून जागा केली आणि सुया माझ्या हातात दिल्या. "बसा. टाका कुठं सुटून राहिला, दाखवते."