खोगिरावरून संताप

घोड्याच्या मानेवरची शीर पार जबड्यापर्यंत उडताना दिसली, तेव्हा मला वाटलं, काय जोमदार जनावर आहे. घोड्यांबद्दल माझं ज्ञान इतपतच. हृदयाच्या डॉक्टरांनी मला चढ चढायला मनाई केली होती, म्हणून थंड हवेच्या त्या गावात मी घोडा केला होता.

वळणावर घोडेवाले किसनमामा थांबले. गुळाच्या खड्यात गोळ्या दाबून त्यांनी घोड्याला भरवल्या.

"कसल्या गोळ्या, मामा?"

"हृदयाच्या. अंगातलं पाणी काढायच्या. चुकल्या की छातीखाली सूज धरते राजाला."

म्हणजे ती शीर थकलेल्या हृदयामुळे उडत होती.

"मग डॉक्टरांनी आराम नाही सांगितला?"

"सांगितलाय की. सीझन संपला की आरामच हाय."

माझं डोकंच फिरलं. औषध जनावराला जगवायला की जुंपायला? ज्या गोळ्यांवर त्याने सावलीत उभं राहून उरलेली वर्षं काढायची, त्याच गोळ्या चारून त्याच्याकडून आमची ओझी वाहून घ्यायची? हे सगळं मी मोठ्याने, हातवारे करत बोललो. आजारी जिवावर माणूस बसवताना लाज कशी वाटत नाही, असंही विचारलं.

मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, हे जरा खाली उतरून बोलता का?"

उतरलो. तिथूनच आम्ही तिघं चालत परत फिरलो. राजा दर वळणावर दम घ्यायला थांबत होता आणि मीही.

संताप अजून ओसरलेला नाही. पण आता तो मी जमिनीवर उभा राहून करतो.