वडिवक्काचं लोखंड

करुंबारैच्या आमच्या काडतूस कारखान्यात बायकांच्या फाटकावर वडिवुक्करसी उभी असे. एवढं लांब नाव कोणी घेत नसे, सगळ्यांची ती वडिवक्का. उंच, हाडापेरानं मोठी, आणि हात तर कुस्तीगिराला शोभावेत असे. त्या हातांनी ती रोज सकाळी टोपी विभागात जाणाऱ्या प्रत्येक बाईला मानेपासून घोट्यापर्यंत चाचपायची आणि चाचपताना एकच शब्द विचारायची, "लोखंड?"

बाईनं म्हणायचं, "लोखंड नाही, अक्का."

त्या एका शब्दात सगळं आलं. केसातला आकडा, पैंजण, जोडवी, बांगडी, साडीची पिन. सोनंही लोखंडच. नायलॉनचा परकर असला तरी वडिवक्का म्हणे, "लोखंड आहे, काढून ये." नवी मुलगी म्हणायची, अक्का, हे तर कापड आहे. वडिवक्का म्हणायची, "आत गेल्यावर त्याचं लोखंड होतं."

खरंच होतं. रायफलचा खटका ओढला की सुई काडतुसाच्या बुडाशी बसवलेल्या इवल्याशा टोपीवर आपटते. टोपीतला मसाला पेटतो, तो पुढची दारू पेटवतो आणि गोळी सुटते. सैनिकाच्या रायफलीत असो की चिलखती गाडीवरच्या मशीनगनच्या पट्ट्यात, टोपीत नीट बसलेला मसाला ठोका बसेपर्यंत गप्प असतो. पण टोपीत बसण्याआधी, बशीत सुटा असताना, त्याच्यात एवढा धीर नसतो. चपलेखाली आलेला वाळूचा खडा किंवा नायलॉनचा कपडा काढताना बोटाला बसतो तसला बारीक चटका त्याला पुरतो. म्हणून आतली चिमटी-पकड पितळेची, मोगरी लाकडाची, कपडे सुती. दाराशी तांब्याची पाटी असे, तिच्यावर तळवा टेकवून, अंगातली वीज उतरवूनच आत जायचं. फाटकालगतच्या खोलीच्या मधोमध एक बुटकं बाक. अलीकडे रस्त्यावरच्या चपला, पलीकडे आतले बूट. बाकावर बसून पाय उचलून पलीकडे न्यायचे, अलीकडची धूळ पलीकडे जाता कामा नये. वडिवक्काची जागा या बाकाच्या अलीकडे, एका पडद्याआड.

बायकांची अडचण एकच होती, ताली, म्हणजे मंगळसूत्र. लग्न झालेल्या बाईनं गळा मोकळा ठेवायचा कसा? कधीतरी फार पूर्वी त्यांनीच तोड काढली होती. सोन्याची ताली घरी देवाजवळ ठेवायची आणि कामावर येताना हळदीत भिजवलेला सुती धागा घालायचा, त्यात हळकुंडाचा तुकडा ओवलेला. लग्नातही आधी हळकुंडच बांधतात, त्यामुळे त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. हे धागे विभागातल्या कस्तुरीची अत्ते, म्हणजे सासू, वळून देई. नवरा, मुलगे, नातू सगळं भरलेलं घर, म्हणून तिचा हात शुभ.

वडिवक्का हे धागे तपासायची, पण वळायची नाही. तिचा नवरा आमच्याच चाचणी-मैदानावर रायफली झाडून पाहणारा होता. तो काविळीनं गेला आणि त्याच्या जागी तिला नोकरी लागली. शुक्रवारी विभागात कुंकवाचं ताट फिरे तेव्हा ती आपण होऊन पडद्यालगतच्या पाण्याच्या पिंपाकडे जाऊन उभी राही. कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं, आणि येऊ नको असं म्हणायची वेळही तिनं कोणावर आणली नव्हती.

पण या बायकांचं तिच्यावाचून चालत नसे. कोणाला दिवस गेलेत हे सासूच्या आधी तिच्या हातांना कळे. कस्तुरीला पहिल्या बाळाच्या वेळी तिनं पडद्याआडच सांगितलं होतं, "उद्यापासून मसाल्याच्या खोलीत जायचं नाही. साहेबांना सांगून डबे मोजायच्या कामावर जा." कस्तुरी म्हणाली, "कशाला?" वडिवक्का म्हणाली, "महिनाभर थांब, मग तूच मला येऊन सांगशील कशाला ते."

पूंगोदै टोपी विभागात आली ती अशीच नवऱ्याच्या जागी. तिचा मणिमारन घाटात बस उलटून गेला. पदरी एक लहान मुलगी आणि घरात सासू, नाच्चियारम्मा. पूंगोदै कमी बोलणारी, बशीत टोप्या लावताना बोटं एवढी हलकी की पर्यवेक्षक नव्या मुलींना तिच्या शेजारी बसवत. धाग्याचा प्रश्न तिला नव्हता. तिचा गळा मोकळाच होता.

काडतुसांचे खोके नेणारी बॅटरीची गाडी इळंगो चालवायचा. टोपी विभागाशी त्याची गाडी जरा जास्त वेळ थांबते हे सगळ्यांना दिसत होतं. पण पुढे काही होणार नाही हेही सगळ्यांना ठाऊक होतं. नवऱ्याच्या जागी लागलेल्या बाईनं दुसरं लग्न केलं की नोकरी जाते, असं वसाहतीत लहान पोरही सांगे.

पंगुनी उत्तिरम या सणाची सुट्टी झाली. त्या दिवशी मुरुगन देवाचं लग्न, डोंगरावरच्या त्याच्या देवळात माणसांचीही लग्नं लागतात. हे दिवस कोरडे. हवेतला ओलावा कमी झाला की तसले चटके वाढतात, म्हणून विभागाच्या दारावर लाल पाटी लावतात आणि तपासणी कडक होते. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी पाटी लालच होती.

पूंगोदै रांगेत आली. साडीवर घालायच्या कामाच्या सदऱ्याची गळ्याशी असलेली गुंडीही लावलेली. वडिवक्कानं विचारलं, "लोखंड?"

"लोखंड नाही, अक्का."

वडिवक्काची बोटं मानेशी थांबली. कॉलरच्या आत धागा होता. तिनं तो चिमटीत धरून चोळला. सूत चोळलं की मऊ पडतं. हा निसटत होता.

पडद्याबाहेरून कस्तुरी म्हणाली, "अक्का, आज तिचं माप घेताय का? पोलकं शिवणार?"

"तुझं घ्यायला दोन टेपा लागतील. गप उभी राहा," वडिवक्का म्हणाली आणि पडदा नीट ओढून घेतला. मग आवाज खाली आणून पूंगोदैला म्हणाली, "कुठून आणलास?"

पूंगोदैनं पडद्याकडे पाहिलं.

"लग्नाचं विचारत नाही. धाग्याचं विचारतेय."

"देवळाच्या पायथ्याच्या दुकानातून. घाई होती."

"ओढून बघितलास?"

"लग्नाचा धागा कोण ओढून बघतं, अक्का?"

पिवळाधमक रंग, हळदीचा वास, पण आत नायलॉन. हल्ली दुकानात तेच मिळतं, टिकतं म्हणून. या गळ्यानिशी पूंगोदै सुट्या मसाल्याच्या बशीवर वाकणार होती, लाल पाटीच्या दिवशी, आणि तिच्या दोन्ही हातांना दुसऱ्या बायका बसणार होत्या.

"काढ," वडिवक्का म्हणाली. "संध्याकाळी पुन्हा घाल."

"नाही काढणार."

"पूंगोदै."

"मागे एकदाच ताली काढली होती अक्का. मी नाही काढली, त्यांनी काढून घेतली. नवऱ्याला बाहेर निजवलेलं होतं, न्यायच्या आधी." तिनं दोन्ही हातांनी कॉलर धरली. "परत पाठवा मला. पण गळा मोकळा करणार नाही."

परत पाठवलं तर पर्यवेक्षकाला कारण सांगावं लागणार, आणि कारण कळलं की नोकरी जाणार. आत सोडलं तर काय होईल ते बोलायचीही गरज नव्हती. बाहेर रांग कुजबुजायला लागली होती.

वडिवक्कानं स्वतःच्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीची नाडी पांढऱ्या सुताची होती, घरीच वळलेली. तिनं ती ओढून काढली, दातांनी तोडली आणि पिंपातल्या पाण्यात बुडवली. "हळकुंड दाखव," ती म्हणाली. धागा गळ्यात होता तसाच ठेवून तिनं त्यातल्या हळकुंडावर ओली नाडी घासायला सुरुवात केली. नाडी आधी फिकी, मग चांगली पिवळी झाली.

"धागा बदलताना काय करतात? आधी नवा बांधतात, मग जुना काढतात. गळा मोकळा राहतच नाही. हळकुंड नंतर बांधू." मग तिचा हात थांबला. "पण बांधायला कोणीतरी हवं. कस्तुरीला आत बोलावते. ती तोंडाळ आहे, पण हात चांगला आहे."

"कस्तुरीला कळलं तर दुपारपर्यंत कारखान्याला कळेल."

"मग काय करायचं? माझ्या हातानं नाही बांधत असलं."

"परवापर्यंत माझाही हात तसलाच होता, अक्का," पूंगोदै म्हणाली आणि तिनं मान पुढे केली.

वडिवक्कानं नाडी गळ्याभोवती घेतली. नंतर तिनं मला सांगितलं, तीन गाठी मारायच्या होत्या, पहिली दोनदा सुटली. मग तिनं जुना धागा खालून सोडवला, हळकुंड उरलेल्या सुतानं नव्याला बांधलं आणि नायलॉनचा तुकडा आपल्या कनवटीला खोचला.

पडदा सारून ती मोठ्यानं म्हणाली, "लोखंड नाही. चल."

"एवढा वेळ?" कस्तुरी म्हणाली.

"गुंडी तुटली होती. आता तू ये, तुझ्यात काय काय लपलंय बघू."

दुपारच्या सुट्टीत वडिवक्का माझ्या टेबलाशी आली. मी आस्थापना विभागात, नेमणुकांचे नियम माझ्याकडे. ती कधी ऑफिसात येत नसे.

"सार, एका बाईचं विचारायचंय."

"कोण बाई?"

"बाई म्हटलं की पुरत नाही का? नवऱ्याच्या जागी लागलेली बाई. तिनं दुसरं लग्न केलं तर नोकरी जाते?"

"नाही जात. मात्र पहिल्या नवऱ्याच्या माणसांना सांभाळीन असं तिनं लिहून दिलेलं असतं, ते लग्नानं सुटत नाही."

"म्हणजे सासू."

"सासू, मुलं, जे असतील ते."

ती खुर्चीत बसली. आधी उभीच होती. "नक्की?"

"नक्की. जुना नियम आहे."

"किती जुना?"

"मी इथे लागलो तेव्हाही होता."

वडिवक्का हसली. "मैदानावर एक रायफल दुरुस्त करणारा होता, सार. मला त्यानं विचारलं होतं. मी म्हटलं, नोकरी जाईल. तो मग कोइंबतूरला गेला." ती उठली. "मला वाटलं, सगळे सांगतात म्हणजे तसंच असेल. येते मी. तुमचं जेवण निवत असेल."

संध्याकाळी तिनं पूंगोदैला फाटकाबाहेर गाठलं आणि आधी नियम सांगितला, मग म्हणाली, "आता सासूला आजच सांग. तिला दुसऱ्या कोणाकडून कळू देऊ नको."

नाच्चियारम्माला सांगावं लागलंच नाही. उशीच्या अभ्र्यावर हळदीचा डाग तिनं सकाळीच पाहिला होता. ती नातीला इडली भरवत होती. पूंगोदै समोर येऊन बसल्यावर तिनं मान वर न करता विचारलं, "मला बरोबर नेणार की इथेच ठेवणार, तेवढं सांग."

"इळंगोच इकडे येतोय, अत्ते."

"मग इडलीला आणखी तांदूळ भिजवायला हवेत," म्हातारी म्हणाली. नंतर तिनं डोळ्याला पदर लावला, आणि पूंगोदैनंही.

दुसऱ्या सकाळी पूंगोदै रांगेत आली ती वरची गुंडी उघडी ठेवून. वडिवक्कानं नेहमीसारखं विचारलं, "लोखंड?"

"सूत आहे, अक्का."

कस्तुरी मागेच होती. तिनं धागा पाहिला, गाठी पाहिल्या. "हा आमच्या अत्तेचा नाही. कोणी वळला?"

"अक्कानं," पूंगोदै म्हणाली. "बांधलाही अक्कानंच."

वडिवक्का पिंपाकडे वळली होती, पण मध्ये पूंगोदै उभी होती आणि ती काही बाजूला होईना.

आडी महिन्यात नदीला पूर येतो तेव्हा बायका तालीचे धागे बदलतात. त्या वर्षी पूंगोदै नवं सूत घेऊन वडिवक्काकडे गेली आणि आणखी काहीजणी गेल्या. काही गेल्या नाहीत, कस्तुरीच्या सासूकडेच राहिल्या. सगळ्यांचा विश्वास काही एकदम बदलत नाही. कस्तुरी मात्र गेली. सासूनं आठवडाभर तोंड फिरवलं आणि वसाहतीच्या नळावर चारचौघींत विचारलं, "तिच्या हातचा धागा घालतेस? काही वाटत नाही तुला?"

कस्तुरी घागर कडेवर घेत म्हणाली, "काय वाटायचंय, अत्ते? तपासून घेतलेला धागा आहे."