‘वुई लिव्ह हिअर’

क्रॉयडनमधल्या ज्या गल्लीत आम्ही भाड्याने राहत होतो, ती पुढे कुठेच जात नव्हती. बावीस घरं आणि शेवटी गाड्या वळवायला एक गोल जागा. कचरा बुधवारी उचलत. मंगळवारी संध्याकाळी सहाच्या आत सगळ्यांचे डबे फाटकाबाहेर एका रेषेत उभे असत. रस्त्यावर कोणी मोठ्याने बोलत नसे. हे घर मिळायच्या आधी आम्ही अकरा घरं पाहिली होती. नवऱ्याचा व्हिसा कामाचा आणि मुदतीचा आहे असं कळल्यावर बहुतेक ठिकाणांहून पुन्हा फोन आला नाही. इथून आला. मुलीची शाळा चालत सात मिनिटांवर होती. हे घर हातचं जाऊ नये, एवढीच आमची धडपड होती.

करार वर्षाचा होता. तो संपायला सात आठवडे उरले असताना पुढचं सगळं घडलं.

तेव्हा माझे आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे आले होते. मुक्काम तीन महिन्यांचा. त्यातले पाच आठवडे झाले होते. करारात एक कलम होतं: पाहुणा चौदा रात्रींपेक्षा जास्त थांबणार असेल, तर घरमालकाची लेखी परवानगी घ्यावी. कलम मी वाचलं होतं. ते आई-बाबांना लागू होतं, हे माझ्या मनात आलं नव्हतं. पाहुणा म्हणजे नवऱ्याचा ऑफिसातला मित्र, किंवा एडिनबराहून दोन दिवसांसाठी येणारी मैत्रीण. आई-बाबा त्या शब्दात बसत नव्हते. मी परवानगी मागितली नाही.

घरमालकाच्या वतीने घर भाड्याने देणाऱ्या एजन्सीची बाई दर तीन महिन्यांनी घर तपासायला येत असे. पन्नाशीची, बुटांवर निळी प्लास्टिकची आवरणं चढवणारी, हातात टॅबलेट. या वेळी तिचा मेल आला, मंगळवार, दुपारी दोन ते पाच. नवऱ्याने मेल वाचला, मग करार काढून वाचला, आणि कलम माझ्यासमोर धरलं.

‘‘आता परवानगी मागितली तर आधी का नाही मागितली म्हणतील,’’ तो म्हणाला. ‘‘रिन्युअल तोंडावर आहे.’’

ठरलं असं, की मंगळवारी एक वाजता आई-बाबांनी ट्रामने बाजारात जायचं आणि पाचनंतर परतायचं. मी दीडपर्यंत कामावरून घरी येणार होते.

‘‘म्हणजे आम्हाला लपवायचं,’’ आई म्हणाली.

‘‘लपवायचं नाही हो आई, फक्त फिरायला जायचं,’’ नवरा म्हणाला.

‘‘उधारीवाला आला की माझे काका असेच फिरायला जायचे, जावईबापू.’’

बाबा हसले. नवरा हसला नाही.

मंगळवारी मी एक पंचवीसला गल्लीत वळले तेव्हा एजन्सीची गाडी गोलाला वळसा घालून बाहेर पडत होती. आधीच्या घरचं काम लवकर आटोपलं, म्हणून बाई साडेबारालाच आली होती. आई-बाबा जेवत होते. दार बाबांनी उघडलं.

‘‘भली बाई आहे,’’ आईने सांगितलं. ‘‘चहा नको म्हणाली, चिवडा मात्र घेतला.’’

‘‘काय काय विचारलं तिने?’’

‘‘विचारलं, डू यू लिव्ह हिअर? मी म्हटलं, येस, वुई लिव्ह हिअर. एकदाही स्टे म्हटलं नाही.’’

हे तिने अभिमानाने सांगितलं, आणि त्याला कारण होतं. आई जन्मभर मराठी शाळेत शिकवत होती. इंग्रजी बोलायची वेळ आली की ती ‘आय स्टे इन सातारा’ म्हणायची, जसं आपल्याकडे निम्मं गाव म्हणतं. आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात माझ्या मुलीने तिला अडवलं होतं. मुलगी आठ वर्षांची, जन्म इथलाच.

‘‘आजी, तू चुकीचा बोलते. स्टे कुत्र्याला म्हणतात, पार्कमध्ये. माणूस लिव्ह करतो.’’

आईने विचारलं तेव्हा मी मुलीचीच बाजू घेतली होती. मग आईने ते वाक्य घोकलं. मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे. माणूस साताऱ्यात चाळीस वर्षं राहतो, आणि मुलीकडे तीन महिनेही राहतोच. आई खोटं बोलली नव्हती. तिने ‘राहतो’चं भाषांतर केलं होतं, आणि आम्ही शिकवलेलं केलं होतं.

बुधवारी सकाळी अकराला मेल आला. घरात दोन जास्तीच्या प्रौढ व्यक्ती आढळल्या. आपण इथेच राहतो, असं त्यांनी स्वतः सांगितलं. सोबत फोटो: लहान खोलीतले दोन पलंग, खिडकीच्या कट्ट्यावर बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, दाराशी चपलांचे दोन जोड. कायमच्या राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाची कागदपत्रं तपासणं घरमालकाला बंधनकारक आहे, ती तपासणी झालेली नाही. सात दिवसांत लेखी खुलासा द्यावा. तोपर्यंत कराराचं नूतनीकरण थांबवण्यात येत आहे.

मजकूर तीन परिच्छेदांचा होता. त्यात चुकीचं असं एकही वाक्य मला सापडलं नाही.

नवऱ्याने त्या संध्याकाळी आसपासची घरं शोधली. शाळेपासून चालण्याच्या अंतरात दोन होती, आणि दोन्हीकडे आधीच्या घराचं शिफारसपत्र हवं होतं. ते याच एजन्सीकडून मिळणार होतं.

खुलासा मी लिहिला. आई-वडील भेटीला आले आहेत, व्हिजिटर व्हिसावर आहेत, परतीची तिकिटं सोबत जोडली आहेत, कलमाकडे दुर्लक्ष झालं याबद्दल दिलगीर आहोत. बाबांना मजकूर मराठीत वाचून दाखवला. स्वयंपाकघरातून आईने ऐकलं.

‘‘पाहुणे असं लिहिलंयस?’’

‘‘गेस्ट्स लिहिलंय.’’

‘‘मी तुझ्याकडे पाहुणी कधीपासून?’’

‘‘अगं, ते इंग्रजीत आहे,’’ बाबा म्हणाले.

‘‘इंग्रजीतही मीच ना?’’

मी शब्द तसाच ठेवला आणि मेल पाठवला.

उत्तर सहाव्या दिवशी आलं. एजन्सीची बाई पुढच्या मंगळवारी चार वाजता येऊन आई-बाबांशी समक्ष बोलणार होती. मधल्या दिवसांत घरातले आवाज खाली आले. बाबा चपला आत नेऊन ठेवू लागले. फोडणी देताना आई खिडकी लावून घ्यायची, मग धूर कोंडून अलार्म वाजायचा, मग सगळे टॉवेल हलवत तो बंद करायचे. नवऱ्याने आईसाठी कागदावर दोन वाक्यं लिहून दिली. तिने कागद घडी करून डब्याखाली ठेवला. ती पाठ करते आहे की नाही, हे मी विचारलं नाही. शिकवण्याचा परिणाम एकदा पाहून झाला होता.

मंगळवारी एजन्सीची बाई बरोबर चारला आली. बुटांवर आवरणं चढवली, टेबलाशी बसली, टॅबलेट उभा केला. मुलगी शाळेतून आली होती आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती. बाबांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून तिकिटं आणि पासपोर्ट काढून ओळीने मांडले. बाईने ते पाहिले, फोटो काढले आणि आईकडे वळली. तिने सावकाश विचारलं, तुमचं घर कुठे आहे?

आईने माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याचा पाय टेबलाखाली हलत होता, तो थांबला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले.

‘‘सातारा,’’ आई म्हणाली. मग थांबून, ‘‘हिअर आय ॲम गेस्ट.’’

बाईने ते टाइप केलं. मान वर न करता तिने पुढचा प्रश्न विचारला.

‘‘अँड हाऊ लाँग आर यू स्टेइंग?’’

आई जिन्याकडे वळली. ‘‘काय गं, ही तर स्टेच म्हणते.’’

प्रश्नाचं उत्तर बाबांनी दिलं, तिकिटावरची तारीख बोटाने दाखवत.

गुरुवारी निर्णय आला. घरमालकाची हरकत नव्हती. पाहुण्यांना चालू कराराच्या शेवटच्या दिवसापर्यंत परवानगी होती. नवा करार सुरू होईल तेव्हा घरात फक्त करारातल्या व्यक्ती असाव्यात. ही अट मान्य असल्यास सोबतच्या कागदावर सही करावी.

चालू करार बावीस तारखेला संपत होता. आई-बाबांचं तिकीट अठ्ठावीसचं होतं.

‘‘सहा दिवसांचं विचारून बघूया,’’ मी म्हटलं, आणि मेल लिहायला घेतला. चार ओळी झाल्या होत्या तेव्हा बाबा मागे येऊन उभे राहिले.

‘‘नको विचारूस. एकदा हो म्हटलेल्या ऑफिसात परत गेलं की ते सगळी फाइल पहिल्यापासून उघडतात. पोस्टात नोकरीभर मी तेच केलंय.’’

‘‘बाबा, सहाच दिवस आहेत.’’

‘‘म्हणूनच. सहा दिवसांसाठी घर टांगणीला लावू नकोस. तिकीटवाल्याला फोन लाव.’’

मी आईकडे पाहिलं. ती मेथी निवडत होती. ‘‘लाव फोन,’’ ती म्हणाली. ‘‘पाहुण्यांनी वेळेत निघावं.’’

हे ती चेष्टेत म्हणाली की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी विचारलंही नाही.

एकवीसच्या विमानात दोन जागा मिळाल्या. फोन एकोणतीस मिनिटं चालला. नवऱ्याने जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून सही केली आणि दोन वाजता एजन्सीची पोच आली: करार एक वर्षाने वाढवण्यात आला आहे. मी अर्धवट राहिलेला मेल पुसून टाकला आणि मुलीला आणायला शाळेत गेले.

परतलो तेव्हा मागच्या अंगणात ऊन होतं. पलंगाखालच्या दोन्ही बॅगा आईने बाहेर काढून उघड्या करून उन्हात ठेवल्या होत्या आणि ओल्या फडक्याने त्यांची चाकं पुसत होती. निघायला अजून पाच आठवडे होते.